पाचवं नाव

दरोड्याला पाच माणसं लागतात हे मला नांदेडच्या लॉ कॉलेजात कळलं. तोवर दरोडा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे घोडे यायचे, बंदुका यायच्या, तोंडाला फडकी बांधलेली माणसं यायची. आमचे फौजदारी कायद्याचे सर सकाळी कोर्टाच्या आधी तास घ्यायचे. वर्गात मुखेड, लोहा, कंधारकडची पोरं जास्त. इंग्रजी पुस्तक समोर उघडं आणि चेहरे कोरे. सर ते पुस्तक मिटायचे आणि मराठीत सांगायचे. पुढे जे काही थोडं नीट करता आलं ते त्यांच्यामुळे, हे मी अजून म्हणतो.

ते म्हणायचे, "हलवता येणारी वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातली, त्याच्या मर्जीविना, लबाडीच्या हेतूनं हलवली की झाली चोरी. आता तीच चोरी करण्यासाठी, किंवा माल घेऊन जाण्यासाठी, कुणाला मारलं, अडवून धरलं, किंवा आत्ताच्या आत्ता मारतो अशी भीती घातली, की जबरी चोरी. 'त्यासाठी' हा शब्द विसरू नका. चोरी केली आणि जुन्या भांडणावरून थोबाडीत मारली, तर चोरी वेगळी आणि थोबाडीत वेगळी."

मग ते उजवा हात वर करायचे, अंगठा आत दुमडलेला. "चार माणसांनी केली, तरी जबरी चोरी." अंगठा उघडायचा. "पाचवा आला, दरोडा. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. आणि या पाचव्यानं काही करायलाच पाहिजे असं नाही. मदतीला हजर असला तरी पुरे."

चोरीची व्याख्या मला नवी नव्हती. मामाच्या गावी, पत्र्याच्या एका खोलीला आम्ही विहार म्हणत असू, तिथं दर रविवारी पंचशील व्हायचं. दुसरं शील, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. मामा ते म्हणून घ्यायचा आणि मग मराठीत समजावून सांगायचा.

माझं स्वतःचं गाव मुखेड तालुक्यात. तिथं चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत मी मामाकडे राहिलो. मामा गवंडी होता. त्याचं गाव अहमदपूर तालुक्यात, मन्याड नदीपासून जवळ. मामी आधी मला वाढायची, मग तिच्या लेकरांना. मामा कामावरून आला की सिमेंटनं पांढरे पडलेले हात धुवायच्या आधी विचारायचा, "काय शिकवलं आज?" त्याला नीट वाचता येत नव्हतं. मी सांगायचो आणि तो मान हलवायचा, जणू त्याला ते आधीपासून ठाऊकच होतं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात मामानं सगळी वस्ती रस्त्यावर आणली होती. तेव्हापासून वस्तीत एक रीत पडली. पोलिसांची गाडी आली की पळायचं नाही. पुढे व्हायचं, नाव सांगायचं, गाडीत चढायचं. जितकी नावं जास्त, तितका ठाण्यातल्यांना ताप. एवढ्यांना ठेवायचं कुठं, जेवू काय घालायचं? दोन-चार दिवसांत सगळे बाहेर. मामा म्हणायचा, "गुन्हा वाटून घेतला की हलका हुतो. एकट्यानं उचललं तर कंबर मोडती. चार खांदे लागले की लाकूड उठतंय."

रस्त्यावरच्या सत्याग्रहात ते खरं होतं.

मी सनद घेऊन लातूरला आलो तेव्हा जिल्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांना अजून रंगाचा वास यायचा. आधी मोठ्या खटल्यांसाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता ते लातुरात चालू लागले होते, आणि माझ्यासारख्या बिनओळखीच्या पोराला एका फौजदारी वकिलानं जागा दिली. हे माझे सीनियर जिभेचे तिखट, पण शिकवायचे मनापासून. मी त्यांना साहेब म्हणायचो. तेही मला वकीलसाहेबच म्हणायचे, माझी चूक सापडली की जरा जास्तच लांबवून.

त्या वर्षांत पावसानं सलग दगा दिला. लातुरातच पाण्यासाठी भांडणं, मग खेड्यांचं काय सांगावं. मामाच्या गावाला तहसिलीतून टँकर लागला. टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडायचा. विहीर सरकारी, पण दोर गावाचा. आमच्या वस्तीच्या बायका बाजूला खाली घागरी मांडून बसायच्या. गावातल्या बायांचं भरून झालं आणि त्यातल्या एखादीच्या मनात आलं, तर ती वरून ओतायची. घागरीला घागर लागू नये एवढं अंतर ठेवून. अर्धं पाणी मातीत जायचं. दुष्काळात तेवढंच पाणी परवडायचं त्यांना, मातीत घालवायला.

मामानं विहारात सांगितलं, "वरून वतलेलं पाणी हितून पुढं कुणी घ्यायचं न्हाई. मन्याडच्या वाळूत झिरे उकरू. गढूळ असू दे, आपल्या हातानं भरू." वस्तीनं ऐकलं. बायका नदीवर जाऊ लागल्या. खड्ड्यात पाणी झिरपायची वाट बघत बसायच्या. मग हगवण सुरू झाली, एका घरातून दुसऱ्या घरात. मामीनं अंथरूण धरलं.

हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की एका सकाळी साहेबांच्या ऑफिसच्या पायरीवर मामी बसलेली होती. डोळे खोल गेलेले, लुगड्यात नुसती हाडं. तिच्याबरोबर वस्तीतली एक म्हातारी. मी शाळेत होतो तेव्हापासून हिला सगळे मायच म्हणत. तिचा मुलगा लाकडं तोडायचा.

"मामाला धरून नेलंय," मामी म्हणाली. "आन् चौघांला. हिचा पोरगा बी."

आत साहेबांसमोर मायनं सगळं सांगितलं. चौघांनी दुपारी टँकर गावात शिरायच्या आधीच अडवला. रस्त्यात बाभळीचं खोड आडवं टाकलं. ड्रायव्हर उतरेना, तर दंडाला धरून खाली ओढला, त्यात त्याचा गुडघा फुटला. तिच्या पोराच्या हातात कुऱ्हाड होती, त्याच कुऱ्हाडीनं खोड तोडलं होतं. बैलगाडीवर पाण्याची रिकामी टिपाडं ठेवूनच नेली होती. ती भरली आणि वस्तीत आणली. दिवस मावळायच्या आत जमादार पोलिसांची गाडी घेऊन आला आणि विहारापुढे उभं राहून त्यानं विचारलं, कोण कोण होतं?

"आणि मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय? आमची रीतच हाय. पुढं झाले चौघं. नावं दिली," माय म्हणाली. तिच्या आवाजात अजून तोरा होता. "मामा मागून आला आन् म्हणला, माझं बी लिहा. पाच नावं झाली. आता हलकं हुईल न्हवं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा उजवा हात टेबलाखाली होता. अंगठा आपोआप दुमडला गेला होता.

"मावशी," साहेब म्हणाले, "लोक म्हणतात पाचामुखी परमेश्वर. पीनल कोडात पाचामुखी दरोडा असतो."

तिला ते कळलं नाही. मामीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं असावं. ती हळूच म्हणाली, "पर हे तितं नव्हतेच. टँकर अडवला तव्हा हे नव्हते."

"कुठं होते?"

मामीनं मायकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मला काय ठाव. मी पडून होते."

त्यानंतरचे महिने एकाच गोष्टीभोवती गेले. दरोड्याचं कलम तीनशे पंच्याण्णव, जोडीला कुऱ्हाडीसाठी तीनशे सत्त्याण्णव. जामीन झाला नाही. साहेबांनी माझ्याकडून गुन्ह्याचा एकेक घटक सुटा करून घेतला, जशी मामा पाडकामातली वीट सुटी करायचा. पाणी हलवता येणारी वस्तू आहे का? विहिरीत असताना वाद घालता येईल, टँकरमध्ये नाही. ताबा कुणाचा? ड्रायव्हरचा. मर्जी? नाही. मग हेतू. इथं मला आशा होती. मी म्हणालो, "साहेब, पाणी गावासाठी होतं. हे गावचेच आहेत. आपल्या वाट्याचं घेतलं, त्यात लबाडी कुठली?"

"मांडू," ते म्हणाले. "पण वाटा ठरवायचा तहसिलीनं, आणि टिपाडं भरायची विहिरीवर. न्यायाधीश विचारतील, मग कुऱ्हाड कशाला? खोड कशाला? अडवलं ते पाण्यासाठीच ना?" मग जरा थांबून म्हणाले, "जबरी चोरी बसतेय, वकीलसाहेब. चपखल बसतेय. आपल्या हातात फक्त आकडा आहे. तुमचा मामा तिथं नव्हता हे उभं राहिलं, तर पाचाचे चार होतात आणि दरोडा पडतो. ड्रायव्हर 'चार-पाच जण' म्हणतोय, त्याला चारावर आणता येईल. पण मामा कुठं होता ते सांगणारं कोणी पाहिजे. नाहीतर या पोरांची दहा-दहा वर्षं गेली म्हणून समजा."

तारखेला पाचही जणांना आणलं होतं. कोठडीच्या जाळीपाशी मी मामाला एकट्याला बोलावलं. चौघं मागे भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यातला कुऱ्हाडवाला हसला, म्हणाला, "भाचेसाहेब, मामा हाय म्हून दिस निघायलेत बगा. आमच्यासाठी आत आला हा माणूस."

मामा जाळीला आला. मी जाळीला हात लावून त्याला सरांसारखंच दाखवलं. चार बोटं, जबरी चोरी. अंगठा, दरोडा.

त्यानं आधी माझा हात बघितला. मग जाळीतून बोट घालून त्यानं माझा अंगठा आत दाबला.

"म्हंजे मी घुसलो म्हून ह्यांचं वझं वाढलं?"

"हो, मामा."

"एका नावानं?"

"एका नावानं."

त्यानं मागे वळून पाहिलं. मग आवाज खाली घेऊन सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून मामीच्या अंगात थेंब राहत नव्हता. अहमदपूरच्या डॉक्टरानं सांगितलं होतं की स्वच्छ पाणी पाजा, नाहीतर बाई जाईल. नदीचं पाणी पाजून तर ती पडली होती. गावात बोअरचं स्वच्छ पाणी एकाच ठिकाणी होतं, मालकाच्या मळ्यात. या मालकाची गावात सगळ्यात जास्त जमीन. वस्तीतले निम्मे लोक त्याच्याकडे कामाला जायचे. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रं नसताना, मामा घागर घेऊन तिकडे गेला.

"वरून?" मी विचारलं.

मामा म्हणाला, "परत आलो तर वस्तीत टिपाडं भरलेली. पोरं नाचायलीत. माझ्या शब्दासाठी केलं म्हणायलीत, वरून घ्यायचं न्हाई म्हणलं म्हून टँकरच खाली आणला म्हणायलीत. माझी घागर मी घोंगड्याखाली झाकली. जमादार आला, चौघं पुढं झाले. मी मागं कसा राहू? आन् कुणी विचारलं असतं, मामा तू कुठं व्हतास, तर?"

तो जाळीला कपाळ लावून उभा राहिला. मागे चौघं कशावर तरी हसत होते.

"मालकाला बोलव," मामा म्हणाला.

मी मालकाच्या मळ्यात गेलो. शाळेत असताना त्या मळ्याच्या कडेनं जायचो तेव्हा गडी हाकलायचे. आता काळा कोट पिशवीत होता. मालक झाडाखाली बाजेवर बसला होता. त्यानं मला लांबूनच ओळखलं.

"या वकीलसाहेब. बसा." बसायला काही नव्हतं. त्यानं गड्याला हाक मारली. गड्यानं गोठ्याच्या वळचणीला खोचलेला जर्मनचा गिलास काढला, माझ्या हातात दिला आणि वर तांब्या धरला.

"मी पाणी पिऊन आलोय," मी म्हणालो.

"कुठलं? टँकरचं?" मालक म्हणाला आणि गड्याकडे बघून हसला.

मी कामाचं बोललो. त्या दुपारी मामा इथं होता एवढं कोर्टात सांगायचं. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, किंवा काहीतरी मागेल. त्यानं ताबडतोब मान हलवली.

"सांगीन की. खरं सांगायला काय जातंय? तुमचा मामा लई मानी माणूस. मला त्याचं कौतुकच हाय. विहारात सांगतो वरून घ्यायचं न्हाई, आन् हितं घागर घेऊन हुबा." तो बाजेवर मांडी बदलून बसला. "सगळं सांगीन. तुमी फकस्त वस्तीतली माणसं ऐकायला येतील असं बगा."

"त्याची गरज नाही."

"तुमाला नसंल," मालक म्हणाला.

मी साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, साक्षीदार कसा आहे हे आपण निवडत नसतो, वकीलसाहेब, तो खरं बोलतो का एवढंच बघतो. आज इतकी वर्षं वकिली केल्यावरही मला दुसरा मार्ग दिसत नाही. मी शोधलाय.

खटला उभा राहिला तेव्हा ड्रायव्हर आला. सरकारी वकिलांनी त्याच्याकडून खोड, दंड, गुडघा, कुऱ्हाड सगळं काढून घेतलं. साहेबांनी उलटतपासात विचारलं, कुऱ्हाड उगारली होती का? ड्रायव्हर प्रामाणिक होता. म्हणाला, खांद्यावर होती. उगारली नाही. मारीन असं कुणी म्हणालं? नाही. पण मी भ्यालो होतो. किती जण होते? चार. चार-पाच. चार की पाच? चार तर नक्की. पाचवा पाहिला असं शपथेवर सांगवत नाही.

मग आमचा साक्षीदार म्हणून मालक पिंजऱ्यात आला, धुतलेलं धोतर नेसून. मागच्या बाकांवर वस्तीतली माणसं होती. त्यांना कुणी बोलावलं मला माहीत नाही. माय पुढेच बसली होती. मामी नव्हती, तिला एसटीचा प्रवास झेपत नव्हता.

साहेबांनी थोडेच प्रश्न विचारले. मामाला ओळखता? त्या दुपारी तो कुठं होता? माझ्या मळ्यात. कशासाठी? पाण्याला.

ते बसले. सरकारी वकील उठले. त्यांना साक्ष मोडायची होती. नेमक्या वेळेवर त्यांनी बोट ठेवलं. घागर भरायला किती वेळ लागतो? तुमच्याकडून पाणी घेऊन आरोपी रस्त्यावर जाऊन टँकर अडवू शकला असता की नाही?

"न्हाई जमलं त्याला," मालक म्हणाला. "मी लगीच दिलंच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणलं बस. गड्यांची जेवणं होऊ दे. उन्हात बसवला. टँकर अडवल्याची बोंब मळ्यात आली, तव्हा बी हा बसूनच व्हता माझ्यापुढं. सगळे गडी सांगतील. मग म्हणलं, काय पाहिजे ते तोंडानं म्हण."

सरकारी वकिलांना तिथंच थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. "काय म्हणाला आरोपी?"

मालकानं दोन्ही हात खाली घागर धरल्यासारखे धरले, मान वाकडी केली आणि आवाज बारीक केला. "म्हणला, मालक, वरून वता."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. कोर्टातले दोन-तीन कारकून हसले.

"दोनदा म्हणाय लावलं," मालक म्हणाला. "पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं न्हाई."

न्यायाधीशांनी मान वर करून हसणाऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागले. मी आरोपींच्या पिंजऱ्याकडे बघितलं. चौघं मामाकडे बघत होते. कुऱ्हाडवाल्याचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. मामा समोरच्या भिंतीकडे बघत होता, गवंडी ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघतो तसं.

साक्ष संपल्यावर न्यायाधीशांनी मामाला विचारलं, साक्षीदार म्हणतो ते खरं आहे का?

"खरं हाय साहेब."

"मग तुम्ही पोलिसांना नाव का दिलं?"

मामा म्हणाला, "रीत हाय आमची."

मालकानं त्याला लगेच पाणी दिलं असतं, तर ती साक्ष पुरली नसती. सरकारी वकिलांचा प्रश्न बरोबर होता. घागर भरून मामा रस्त्यावर पोचू शकला असता. मामा निर्दोष ठरला तो पाण्यामुळे नाही. त्याला ताटकळत ठेवण्यात मालकाला जी मजा आली, तिच्यामुळे ठरला. हे मला त्याच दिवशी ऑफिसात टिपणं काढताना समजलं, आणि मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

निकाल लागला. मामा सुटला. पाचाचे चार झाले म्हणून दरोडा पडला. कुऱ्हाड वापरली नाही म्हणून तीनशे सत्त्याण्णवही गेलं. पाणी गावाचं होतं हा आमचा मुद्दा न्यायाधीशांनी खोडून काढला, पण शिक्षा देताना दुष्काळ ध्यानात घेतला असं लिहिलं. जबरी चोरीसाठी चौघांना तीन-तीन वर्षं. आत काढलेले महिने वजा. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जन्मठेपेतून तीन वर्षांवर आणलं. तुमच्या सरांना पत्र लिहा नांदेडला." मी लिहिलं.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली वस्तीतली माणसं उभी होती. मामा पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेला. ती थोडी सरकली, एसटीत नव्या माणसाला जागा देतात तशी, पण जागा द्यायला नाही, लांब व्हायला. मामा मध्ये एकटा उभा राहिला.

मी मायला समजावू लागलो. मामानं स्वतःहून मालकाला बोलवा म्हणून सांगितलं, ते केवळ तिच्या पोराची शिक्षा कमी व्हावी म्हणून, हे सांगितलं. हात वर करून अंगठा दुमडून दाखवला.

"बोटं नको मोजू," माय म्हणाली. "माझी सून वाळूत बसून बसून मेली आसती. ह्याच्या शब्दापायी. आन् ह्यानं पाणी कुणाचं आणलं? ते सांग."

"मामी मरायला टेकली होती, माय."

"आमची न्हवती का?"

मामा म्हणाला, "खरं हाय तिचं." आणि बसस्टँडकडे चालू लागला.

चौघं शिक्षा भोगून आले तेव्हा वस्तीनं वाजतगाजत आणले. विहारात त्यांना हार घातले. मामा तिथं गेला आणि मागे उभा राहिला. पंचशील आता तो म्हणून घेत नव्हता. कुऱ्हाडवाला घेत होता. दुसऱ्या शीलाला मामाचे ओठ हलले, असं मामीनं मला सांगितलं. जे दिलेलं नाही ते घेणार नाही. खरं तर त्या दुपारी सगळ्या वस्तीत हे शील त्यानं एकट्यानंच पाळलं होतं.

गवंडीकामाला वस्तीत त्याला कुणी बोलावेना. गावात काम मिळायचं. मालकानं तर बंगल्याचं सगळं काम त्यालाच दिलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा, "आमचा गवंडी." मी म्हटलं, लातूरला या माझ्याकडे, नवी वसाहत वाढतेय, भरपूर बांधकामं आहेत. मामा म्हणाला, "पळून जाऊ व्हय? जमादार आला तव्हा पळालो न्हाई."

पुढे सरकारनं आमच्या वस्तीत बोअर पाडून हातपंप बसवला. विहाराच्या समोर, चौथरा सिमेंटचा. चांगलं पाणी लागलं. मी त्यानंतर एका रविवारी गेलो. मामीनं चहा ठेवला आणि मामा घागर घेऊन निघाला, म्हणून मीही मागे गेलो. मला वाटलं होतं, आता तरी हे संपलं. दोराची भानगड नाही, मालक नाही, पंप आपला.

चौथऱ्यावर मायची सून होती, आणखी दोघी-तिघी. मामा चौथऱ्याखाली थांबला. त्या बायका आपापल्या घागरी भरत राहिल्या. कुणी घाई केली नाही, कुणी वाकडं बोललं नाही. ऊन होतं. मामा घागर पायाशी ठेवून उभा राहिला. मला कळेना तो वर का जात नाही.

मी चौथऱ्यावर पाय ठेवून पंपाच्या दांड्याला हात घालणार, तोच सून पुढे झाली.

"तुमी नका वकीलसाहेब," ती अगदी मायेनं म्हणाली. "कपडे भिजतील तुमचे."

मग तिनं आपली भरलेली घागर कमरेवर घेतली, चौथऱ्याच्या कडेला आली आणि मामाकडे न बघता म्हणाली, "धरा."

मामानं घागर दोन्ही हातांनी खाली धरली. तिनं वरून ओतलं, घागरीला घागर लागू नये एवढं अंतर ठेवून.